बंदुकीचं दोन पाय

...आन् वर जावई मलाच म्हनत्यात, "आप्पा, तुम्ही जरा शांत बसा, आमचा रिसर्च चाललाय." आता तुमीच सांगा मला. दोन पाय. बंदुकीच्या नळीखाली लावायचं दोन पाय, नळी डगडगू नये म्हनून. त्येला रिसर्च? म्हशीला चार असत्यात, कोंबडीला दोन, त्यांनी काय कम्प्युटरम्होरं बसून आनलेत व्हय? दोनच पाय पायजेत, त्येला एवढं काय?

बसा, बसा, सरकून बसा, त्या ताईंना जागा द्या. आरती झालीय, परसादाला येळ हाय, आन् आमची ही आत मोदकाला पाकळ्या काढत बसलीय तवर सांगून घेतो, कारन तिच्यादेखत ह्यातलं निम्मंच सांगता येतंय. मी दत्तात्रय मोरबाळे, राधानगरीकडचा. तुमी हितं एर्लांगनला जमल्याली समदी शिकलेली मानसं, कोन मोटारी बनवतंय, कोन कम्प्युटर. मी दुसरीत इतकी वर्सं बसलो की शेवटी मास्तरच म्हनलं, दत्त्या, आता तू तरी जा न्हाईतर मी तरी जातो. तर शिक्षानाचं इचारू नका. बंदुकीचं इचारा.

आमची लेक ऊर्मिला आन् जावई सत्यजितराव, ही दोगं तिकडं हेर्त्सोगेनआउराखच्या पलीकडं एका खेड्यात ऱ्हात्यात. त्या गावाचं नाव घ्यायचं म्हनजे कवळी हातात धरून घ्यावं लागतंय, म्हनून मी नुसतं हेर्त्सो म्हनून सोडतो. जावई बेअरिंगच्या कंपनीत मोटं इंजिनेर. सोन्यासारखा मानूस. पन तुमास्नी सांगतो, इंजिनेर मानसाला एक खोड असती, त्येला घोटभर पानी पायजे असंल तर तो आधी तांब्याचं वजन करतो.

तर आमचं घर वरच्या मजल्यावर, आन् खाली घरमालक. हेर गुंबमान, हेर म्हंजे आपलं श्री. माझ्याच वयाचा, पोट म्होरं, मिशा खाली, आन् गावातल्या शुट्झनफेराईनचा म्होरक्या. शुट्झनफेराईन म्हंजे काय, तर बंदुकीची तालीम. आपल्याकडं कोल्हापुरात गंगावेशीत कुस्तीची असती तशी तिकडं बंदुकीची. निशान, बिल्लं, ढाली, भिंतीवर जुन्या वस्तादांचं फोटू, समदं तसंच. फकस्त लाल मातीच्या जागी बियर.

मी आलो त्यो ह्योच उन्हाळा की, हितला फुटबॉलचा वर्ल्डकप होऊन एक साल झाल्याला, लोकांच्या गाडीला अजून झेंड्याच्या काड्या लटकत हुत्या. मी काय करनार घरात? ऊर्मिला कामावर, जावई कामावर, नात कौमुदी शाळंत. आन् आमची ही, तिनं तर आल्या आठवड्यात गुंबमानच्या बायकोसंगं सोयरीक जुळवली. एकीला मराठी येत न्हाई, एकीला जर्मन येत न्हाई, दोगी तास तास बोलत्यात. मी मग संध्याकाळी अंगनात बाकावर बसायचो, गुंबमानशेजारी. मधी कौमुदी. मी मराठीत बोलायचं, पोरगी जर्मनमदी सांगायची. मराठी समदं समजतं हां तिला, पन माझ्याशी बोलनार जर्मन. "नाईन, ओपा." म्हंजे न्हाई, आजोबा. आमच्या आप्पाचं तिनं ओपा करून टाकलंय.

एके दिवशी गुंबमान मला घरात घिऊन गेला. भिंतभर शिंगं. ह्ये हरीन मी मारलं, ह्ये दुसरं हरीन मी मारलं, ह्ये डुकराचं सुळं, ह्यो कोल्हा. एकेका शिंगाम्होरं उभा ऱ्हाऊन इतकं सांगतोय, इतकं सांगतोय... मानूस किती ऐकनार? मी बी चार गावांत थापाड्या म्हनून नाव कमावल्याला. कोल्ह्यापाशी आल्यावर मला ऱ्हावलं न्हाई. म्हनलं, "पोरी, त्यास्नी सांग, तुझ्या आज्यानं वाघ मारलाय."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी डोळा मारला. तिनं सांगून टाकलं.

गुंबमान खुर्चीत बसला. "टिगर?" म्हनला. मी म्हनलं, व्हय, टिगर. किती लांबनं? म्हनलं हितनं त्या चर्चपतूर. किती गोळ्या? मी एक बोट वर केलं. आता एकदा सांगायचंच तर हात आखडता कशाला घ्यायचा?

खरं काय ते तुमास्नी सांगतो, घरातलीच मानसं तुमी. बंदूक माझ्याकडं हुती. ठासनीची. उसाच्या राखनीचं लायसन हुतं, डुकरं यायची. मी मचानावर बसायचो, डुकरं आली की बार काढायचो. आभाळात. डुकरं वर बघायची, एकमेकांकडं बघायची, आन् पुन्यांदा ऊस खायला लागायची. आमच्या बारानं एक आंब्याची फांदी तेवढी पडली, तीबी वाळल्याली. ही माझी शिकार.

पन ह्ये गुंबमानला कुटं ठावं? सकाळी मी पाव आनाय बेकरीत गेलो तर पाववाली बाई टाचा जुळवून उभी. पोस्टमन सायकल थांबवून बघतोय. शेजारचं म्हातारं माझ्या हाताला हात लावून बघतंय, ह्याच हातानं का म्हनून. आन् गुंबमाननं काय केलं, त्येंच्या बुर्गरशीसनला माझं नाव लावून टाकलं. त्ये काय असतंय? वर्सातनं एकदा गावातल्या कुनीबी यायचं, तालमीची बंदूक घ्यायची, पन्नास मीटरवरच्या पुठ्ठ्यावर एकच गोळी मारायची. जो बरोबर मधी मारंल तो गावचा राजा, त्येच्या गळ्यात चांदीची साखळी. दुसरा आला त्येच्या गळ्यात सॉसेजची माळ. तिसऱ्याच्या गळ्यात ब्रेझेलची, म्हंजे त्या पिळाच्या खारट पावाची. हसू नका, मी डोळ्यांनी बघितलंय.

घरी लेकीनं मला धारंवर धरलं. "आप्पा, तुम्हाला कळतंय का? वाघ मारणं गुन्हा आहे."

म्हनलं, "म्हनून तर मारला न्हाई की."

"विनोद नकोय, आप्पा. तुम्ही तीन महिन्यांनी परत जाल. आम्हाला इथेच राहायचंय. हे गाव किती लहान आहे. इतक्या वर्षांनी कुठे लोक आपणहून हॅलो म्हणायला लागलेत. उद्या सगळ्यांसमोर तुमची गोळी छपरात गेली की आम्ही कोण? खोटारड्यांची फॅमिली. आणि कौमुदी? ट्रान्सलेशन तिने केलंय. शाळेत तिला काय म्हणतील?"

आता ह्ये मातर लागलं. म्हाताऱ्याला कुनी खोटारडा म्हनलं तर म्हाताऱ्याला काय फरक पडतोय, सवय हाय. पन पोरीच्या पोरीला? म्हनलं, "ऊर्मे, काळजी करू नगंस. मारतो मी मधोमध." म्हनलो मी छातीवर हात ठिऊन, आन् तिनं म्होरं केल्याला च्या उचलला, तर कपातला निम्मा बशीत. हात लटपटतोय हो. चारेक सालं झाली. तसा मी च्या बशीतनंच पितो म्हनून कुनाच्या ध्येनात येत न्हाई. पन बंदूक काय बशीत वतता येत न्हाई.

सत्यजितरावांनी बशीकडं बघितलं. त्येंच्या डोक्यात दिवा लागला. "आप्पा, सोल्यूशन आहे. बायपॉड. इथे त्स्वायबाईन म्हणतात."

म्हनलं, म्हंजे?

"म्हणजे दोन पाय."

बघा. त्या लोकांनी नावातच सांगून टाकलंय, दोन पाय. दोनच पाय पायजेत, त्येला एवढं काय? मी म्हनलं, जावईबापू, त्यात काय, बैलगाडी सोडली की जू टेकवायला कैची लावतोच की आपन. दोन काठ्या, एक बांध, झालं. तर म्हनले, "नाही नाही आप्पा, आल्झो, म्हणजे बघा, असं करायचं नाही. आधी रिक्वायरमेंट्स." आन् बसले कम्प्युटरला.

काय सांगू तुमास्नी... जेवनाचं ताट बी कम्प्युटरम्होरंच. उभ्या रांगा, आडव्या रांगा, हिरवं खानं, लाल खानं. एक पाय अमेरिकेचा. त्येची किंमत ऐकून मी इचारलं, ह्यात बंदूक बी येती का? तर न्हाई. एक जर्मन, त्यो चांगला, पन त्येचं पाय आखूड, म्हनले, "तुमचा सीटिंग पोझिशनचा अँगल बसत नाही, आप्पा." मला टेबलाम्होरं बसवून माझ्या हनवटीपासनं टेबलापतूर टेप लावली. शिंप्यानं सुदीक माझं एवढं माप घेतलं न्हाई कधी. तिसरा लई स्वस्त. मी म्हनलं ह्योच घ्या. तर म्हनले, त्येच्याखाली लोकांनी लिवलंय, एक पाय उघडला की दुसरा मिटतोय. आन् चौथा समद्यात बरा, पाय लांबतंय, खाली रबराचं बूट, आत स्प्रिंग, किंमत आपल्या अंगाला बसती. मी म्हनलं मग घ्या की. तर म्हनले, "गेनाऊ, बरोबर, पण प्रॉब्लेम असा आहे, की क्लबच्या रायफलला खाली रेल आहे आणि ह्याला स्टड लागतो. म्हणजे अडॅप्टर आला." अडॅप्टर म्हंजे ह्यो पाय त्या बंदुकीला चिकटवायचा इवलासा तुकडा. आन् त्यो तुकडा पायापेक्षा महाग. म्हंजे नवरदेवापरीस करवली भारी.

बुर्गरशीसनचा रविवार जवळ आल्याला. मी काय केलं, घरातली भाजी चिरायची सुरी घेतली आन् गेलो गावामागच्या रानात. आपल्याकडं पेरूचं बेचकं तोडलं की झाली कैची. हितं पेरू न्हाई, पन एक झाड बरं दिसलं, फांदीला दोन फाटं, बरोबर आपल्या बंदुकीच्या मापाचं. सुरी लावली न लावली तर मागनं एक बाई, संगं कुत्रं. बाई बोलाय लागली. कुत्रं गप, बाई बोलतीया. मी म्हनलं गुटन टाग. ती अजून बोलाय लागली. मी म्हनलं टिगर. सुरी हातात धरून, टिगर म्हनलं. बाई गेली कुत्रं वढत. पंधरा मिनिटांत घरी ऊर्मिलाला तक्रारीचा फोन आला. तवापासनं मला रानात येकट्यानं सोडत न्हाईत.

मग शनिवारी जावई म्हनले, "चला आप्पा, न्युर्नबेर्गला दुकानात जाऊ. हातात घेऊन बघू. काहीतरी मधला मार्ग निघेल."

मी मनात म्हनलं, आता बाजाराचा सवाल आला ना, आता ह्ये काम माझं. इंजिनेरीतलं तुमी बघा, भाव करायचं मी बघतो. आयुष्यात मी सांगितल्या भावानं काय घेतलं असंल तर ते एसटीचं तिकीट.

दुकान म्हंजे काय, सोनाराचं असावं तसं. चष्मेवाला मानूस, हळू बोलतोय. त्येनं मखमलीवर दोन पाय काढून ठेवलं. जावयानं उचलून बघितलं, दाबून बघितलं, कानाशी धरून बघितलं. अडॅप्टरसकट, बरोबर बसनारं, मधल्या किमतीचं. मला जावयाच्या तोंडाकडं बघूनच कळलं, ह्येच पायजे. आन् हितंच चूक हो. गिऱ्हाइकाच्या तोंडावर कळलं की संपलं. मी लगी म्होरं झालो. मी ते पाय उचललं आन् असं तोंड केलं, जसं कुजकं वांगं हातात आलंय. म्हनलं, "सत्यजितराव, सांगा त्येला, निम्म्यात दे."

जावयाचं कान लाल. "आप्पा, इथे असं नसतं."

"समदीकडं असतंय. सांगा."

त्यांनी काय तरी सांगितलं, लई मऊ आवाजात. चष्मेवाल्यानं माझ्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं, आन् म्हनला, हा भाव हाय. राग न्हाई, काय न्हाई. जसं कुनी सांगावं आज शनिवार हाय. मी थोडं वर गेलो. तो तितंच. मी आनखी थोडं वर गेलो. तो तितंच. म्हनलं, आसं काय? आता काढतो हुकमाचं पान. म्हनलं, "सत्यजितराव, चला. नगं आमास्नी." आन् जावयाचा दंड धरून निघालो भाईर.

आता तुमास्नी ठावं हाय, दारातनं पाय भाईर पडतोय न पडतोय तवर मागनं हाक येती, "ओ काका, या, या, तुमचंबी न्हाई आमचंबी न्हाई, मधलं सांगा." आली का? न्हाई. म्हनलं, दम धरलाय गड्यानं. चार पावलं आनखी गेलो. हळूहळू, हां, पळायचं न्हाई, त्येला वाटलं पायजे की आमी जातोय पन जात न्हाई. कोपऱ्यावर थांबून चपलंतला खडा काढल्यासारखं केलं. बूट घातल्यालं, तरी काढलं. हाक न्हाई. जावई म्हनत्यात, "आप्पा, तो हाक नाही मारणार." मी म्हनलं, "मागं बघू नगा, बघितलं की भाव वाढतोय." तसंच गाडीपतूर गेलो. गाडीत बसलो. काच खाली करून ठेवली, हाक ऐकू यावी म्हनून. एक मानूस आला न्हाई, अहो कुत्रं सुदीक आलं न्हाई.

मग मी म्हनलं, बरं, चला, मोठ्या मनानं माफ करतो त्येला, घिऊन टाका सांगितल्या भावानं. गेलो माघारी. दुकानाला कुलूप. शनिवारी दोनला बंद. चष्मेवाला आतच हाय, काचंतनं दिसतोय, ते पाय मखमलीतनं उचलून कपाटात ठिवतोय. मी काचंवर टकटक केलं. म्हनलं, घेतो, घेतो. त्येनं मनगटावरच्या घड्याळाला बोट लावलं आन् गोड हसला. "फायरआबेंट." म्हंजे कामाचा येळ संपला.

आन् दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी जर्मनीत काय इकत मिळतंय ते तुमी जानताच.

गाडीत जावयानं नुसता रेडिओ लावला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. घरी लेक दारात, "मिळालं?" जावई म्हनले, "आप्पांनी निगोशिएट केलं." दोनच पाय पायजेत, त्येला एवढं काय... पन ते दोन पाय कपाटात.

तेवढ्यात आमची ही आली फिरून. गुंबमानच्या बायकोनं हिला ते काठ्या घिऊन चालायचं शिकवल्यालं, नॉर्डिक वॉकिंग का काय. रोज संध्याकाळी दोगी निघायच्या. ती बाई अर्ध्या चड्डीत, आमची ही लुगड्यात, पायात पांढरं बूट, हातात दोन काठ्या, टुक टुक टुक टुक. गुरं थांबून बघायची. तर ही दारात उभी, हातात काठ्या, आन् जावई त्या काठ्यांकडं बघत्यात. मी बी बघतोय. खाली रबराचं बूट. लांबी कमीजास्त व्हती. आत स्प्रिंग. वर अडॅप्टर लागत न्हाई.

"आई," जावई म्हनले, "जरा देता का?"

"कशाला?"

"आप्पांच्या बंदुकीला."

ही म्हनली, "त्येंच्या थापंला माझ्या काठ्या?" पन दिल्या. जावयाला ती न्हाई म्हनत न्हाई. वर सांगून ठेवलं, "डावी काठी जरा ढिली हाय. भार दिला की मधीच खाली बसती. फिरवून घट्ट करून घ्या."

आन् तुमास्नी सांगतो, त्या मानसाचं तोंड मी आठवडाभरात पयल्यांदा उजळल्यालं बघितलं. प्लास्टिकच्या पट्ट्या आनल्या, रबर आनलं, कोन मोजला, दोन काठ्या आडव्या बांधून कैची केली. बंदुकीच्या जागी लाटनं ठिऊन चाचनी घेतली. मी म्हनलं, ही तर बैलगाडीची कैची झाली की. म्हनले, "कन्सेप्ट तोच, आप्पा, पण आता कॅल्क्युलेटेड आहे." डावी काठी? ती फिरवायची दोगांच्याबी ध्येनात ऱ्हायली न्हाई. त्येंनी समदं मोजलं, सासू काय म्हनली तेवढं सोडून.

रविवारी तालमीत गेलो. समदा गाव लोटल्याला. बँड वाजतोय, भाजलेल्या मांसाचा वास, पोरं पळत्यात. पाववाली बाई म्होरल्या रांगंत. कौमुदीच्या शाळंतल्या पोरी बी आल्याल्या, त्यांना तिनंच आनलं हुतं, ओपा बघाय. ऊर्मिला एका खांबाला टेकून उभी, तोंडात पदर धरावा तसा दुपट्टा धरून. मी आत गेलो जिथं नेम धरायचा, आन् बघतोय तर काय.

परत्येक टेबलावर लाकडाचा ठोकळा. ठोकळ्यावर कातड्याची वाळू भरल्याली पिशवी. त्या पिशवीवर बंदूक ठिवायची, बसायचं, आन् मारायचं. समद्यांनी. बायका, म्हातारी, समदी. तालमीकडनंच. फुकट.

मी जावयाकडं बघितलं. जावयानं ठोकळ्याकडं बघितलं. म्हनलं, "तुमी इचारलं न्हाई व्हय गुंबमानला? खाली ऱ्हातोय की तो आपल्या. जिना उतरायचा नि इचारायचं."

"वेबसाइटवर नव्हतं, आप्पा."

दोनच पाय पायजेत... अहो ते बी नकोत. पन आता काय करनार? समदा गाव बघतोय, काठ्या हातात, वाघ मारनाऱ्यानं काय वाळूच्या पिशवीवर बंदूक ठिवायची? ती तर पाववाली बी ठिवतीया. मी म्हनलं, पिशवी उचला. आमची कैची लावा. गुंबमान आला, काठ्या बघितल्या, वाकून बघितल्या, आन् बाकीच्यांना सांगितलं, इंडियात वाघाला असंच मारत्यात. लोक टाळ्या वाजवाय लागलं.

आन् माझ्या डाव्या हाताला, शेजारच्या टेबलावर कोन? आमची ही. गुंबमानच्या बायकोनं हाताला धरून आनून बसवल्याली, घरटी एक बाई लागती म्हनून. "मला न्हाई येत, मला नगं," म्हनतीया, आन् बसतीया बी.

मी बसलो. कोपर टेकलं. बंदूक कैचीवर. आन् खरं सांगतो, हात लटपटतोय पन नळी हालत न्हाई. काळा ठिपका मधोमध. म्हनलं, दत्त्या, जमलं. जावयाला मनात शाबासकी दिली, श्वास धरला, अंगाचा भार टाकला म्होरं, आन् बोट दाबलं...

आन् डावी काठी खाली बसली. सुर्रकन. नळी गेली डावीकडं आन् बार झाला.

त्याच टायमाला शेजारनं आवाज आला, "जोतिबाच्या नावानं चांगभलं," आन् हिचा बार. डोळं मिटून. मी बघितलं की, दोनी डोळं मिटल्यालं. नळी कुनीकडं तर कुनीकडं. तिची गोळी कुटं गेली ते त्या जोतिबालाच ठावं.

मग तारंवरनं पुठ्ठं माघारी आलं. माझा पांढराशुभ्र. धुऊन वाळत घातल्यागत. एक भोक न्हाई. आन् हिच्या पुठ्ठ्यावर, बरोबर काळ्याच्या मधोमध, कंपासनं काढावं तसं एक भोक.

आता ती गोळी कुनाची? तुमी मला इचारा. माझी हो. माझीच. मला पुरतं ठावं हाय. पन म्हनू कसं? गावाम्होरं उठून सांगू, की ती गोळी माझी हाय, मी बायकोच्या पुठ्ठ्यावर मारली? ज्या मानसाला आपला पुठ्ठा कुनचा ते कळत न्हाई त्येला वाघ दिसला कसा? आन् गप बसावं तर माझा पुठ्ठा कोरा. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. पाववाली बाई माझ्या कोऱ्या पुठ्ठ्याकडं बघतीया. शाळंतल्या पोरी कौमुदीकडं बघत्यात. आन् कौमुदी खाली बघतीया. तेवढं मातर मला बघवलं न्हाई.

गुंबमान आला. एका हातात माझा पुठ्ठा, एका हातात हिचा. ह्याच्याकडं बघितलं, त्येच्याकडं बघितलं. मिशीला पीळ दिला. मग चांदीची ती मनभर साखळी आनली आन् हिच्या गळ्यात घातली, मंगळसूत्रावरनं. बँड वाजला. ही साखळी धरून उभी, डोईवरचा पदर सावरतीया. आन् गुंबमाननं हात वर करून बँड थांबवला. कौमुदीला म्होरं वढलं. पोरगीच्या तोंडनं हिला इचारलं, समद्यांच्या देखत, की ओमा, म्हंजे आजी, आता खरं खरं सांगा. तो वाघ कुनी मारला?

मी म्हनलं, संपलं. दत्तात्रय मोरबाळे, संपला तुझा कारभार. अहो, ही बाई आयुष्यात खोटं बोलल्याली न्हाई. रेशनच्या दुकानात घरात मानसं किती इचारलं तर पावनं धरून सांगत न्हाई. मागं माझ्या एका थापंवर महिनाभर माझ्याशी धड बोलली न्हवती ती. आता ही म्हननार, कुटला वाघ न् कसला वाघ, ह्यो मानूस डुकराला भितोय. लेकीनं खांबापाशी डोळं मिटून घेतलं.

हिनं माझ्याकडं बघितलं. मग नातीकडं बघितलं. पोरगी अजून खालीच बघतीया. हिनं पदर खोचला, गळा खाकरला, आन् गुंबमानच्या तोंडाम्होरं हात धरला. दोन बोटं.

दोन.

भाषांतर कराय लागलंच न्हाई. पाववाली बाई किंचाळली. गुंबमाननं टोपी काढली. पोरी कौमुदीच्या गळ्यात पडल्या. आन् मी, चार गावांत थापाड्या म्हनून नावाजल्याला मानूस, मी उभ्या आयुष्यात कधी एका वाघाच्या वर गेलो न्हाई हो.

घरला येताना ही म्होरं, साखळी वाजतीया, मी मागं काठ्या घिऊन. म्हनलं, "अगं, सांगायचं तर एक सांगायचा. दोन कशाला?"

मागं न बघता म्हनली, "एक तुमचा ऱ्हाऊ दे की. पोरीनं सांगितल्याला, त्यो खोटा कसा पाडायचा? आन् एक माझा."

चार पावलं गेली. मग थांबली. म्हनली, "पन मोठा माझा."

मी म्हनलं, बरं बाई. मोठा तुझा.